एकतीस ग्रॅम

हेल्दुर पहिल्यांदा खिडकीशी आला
तेव्हा हातात एकच पाकीट होतं.
ओसाकाचा पत्ता त्यानं लिहिला नव्हता, चितारला होता.
मी काट्यावर ठेवलं. एकतीस ग्रॅम.
"एवढंच?" म्हणाला, जरा हिरमुसून.
आता लोण्याच्या सुरीचं वजन
असून असून किती असणार!

तेहेतीस वर्षं त्यानं फेरीबोटीची इंजिनं सांभाळली,
आमच्या हीउमा बेटापासून पलीकडे, पलीकडून आमच्याकडे.
निवृत्त झाला आणि ज्युनिपरचं लाकूड तासत बसला.
कधी या सुरीला तासायचा, कधी त्या.
शेजारच्यांना वाटायचा, पाद्रीबाईला तीन दिल्या,
मलाही एक,
राईच्या पावावर लोणी फासताना अजून मिरीसारखा वास येतो.

त्याच्या भाचीनं, त्रीनूनं, फोटो काढून
इंटरनेटवर दुकान मांडलं.
किंमत ठरवताना दोघांची जुंपली.
"एका सुरीला किती तास लागतात, मामा?"
"समुद्राकडे बघत बसतो ते धरून की सोडून?"
"सोडून."
"मग झाडाचे? हे बोटभर जाड व्हायला ऐंशी वर्षं लागली,
ती कुणाच्या खाती?"
शेवटी चौदा युरो. टपालखर्च वेगळा.
तो पुटपुटला, चौदात तर आख्खं लोणी येईल, टोपलंभर.

उन्हाळ्यात सहा गेल्या. ऑगस्टात नऊ.
चिकटपट्टी महाग झाली यावर तो माझ्याशी भांडला,
जणू चिकटपट्टी मीच बनवते.

मग ग्राझच्या एका बाईनं सुरी परत पाठवली.
सोबत चिठ्ठी, अगदी सभ्य:
काम सुंदर आहे, पण पातं उलट्या बाजूला वळतं.
हेल्दुर तसाच माझ्याकडे आला, कानापर्यंत लाल.
"उलट्या? माझी सुरी? धर बघू!"
मी उजव्या हातात धरली.
पातं पावाकडे पाठ करून राहिलं,
रुसलेल्या पाहुण्यासारखं.
मग, का कोण जाणे, डाव्या हातात घेतली
आणि ती बसली.
बोटांना जागा सापडत गेली, अंगठ्याला खाच,
कुणीतरी आधीच मोजून ठेवल्यासारखी.

आम्ही दोघंही बोललो नाही.
साल्मे डावखुरी होती.
मला ठाऊक आहे, पार्सल घेताना तिची सही
नेहमी फिसकटायची,
ओल्या शाईवरूनच तळहात पुढे सरकायचा.
माझ्या जुन्या वह्यांमध्ये असेल अजून.

पहिली सुरी त्यानं तिच्यासाठी केली होती.
मग दुसरी तिच्याबरहुकूम, तिसरी दुसरीबरहुकूम,
ती गेल्यावरही.
उजवं-डावं बघायचं त्याला सुचलंच नाही.
आणि आम्ही गावकरी?
इतकी वर्षं मनगट वाकडं करून लोणी फासलं,
वाटलं, आपल्यालाच जमत नसेल.

त्रीनूनं दुकानाच्या पाटीवर एकच शब्द वाढवला:
डावखुऱ्यांसाठी.
नोव्हेंबरात एक्केचाळीस पाकिटं.
विल्नियसच्या कुणी लिहिलं,
माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा
हात न अडखळता न्याहारी केली.
तो कागद त्यानं मला दाखवला नाही,
खिशातून पडला तेव्हा मी वाचला.

एक दिवस त्यानं उजव्या हाताची सुरी करून पाहिली.
दोन लाकडं फुकट गेली, अख्खा दिवस गेला.
"ही विकायची नाही. जमलेली नाही," म्हणत
माझ्यासमोर ठेवून निघून गेला.
चांगली आहे, खरं तर.
मी मात्र जुनीच वापरते,
मनगटाला आता ती सवय झाली.

बेटाबाहेर, खंडाबाहेर जाणाऱ्या पाकिटाला
कस्टमचा कागद लागतो.
त्यावर चौकोन असतात: विक्री, भेट, नमुना.
हेल्दुर दर वेळी पेन धरून थांबतो.
मागे रांग. कुणीतरी खाकरतं.
"कशावर फुली मारू?"
मी सांगते, विक्री. नियम आहे.
तो मारतो.
मग पाकीट काट्यावर ठेवतो
आणि आकडा स्थिर होईपर्यंत
हात पूर्ण काढून घेत नाही,
म्हणून मला पुन्हा वजन करावं लागतं.